नेपाळला रेल्वेने माल पाठवायचाय? तयारी वीरगंजपासून मागे करत या

नेपाळमधल्या ग्राहकाने "ट्रकऐवजी रेल्वेने पाठवा, स्वस्त पडेल" असं म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक उद्योजक पहिला फोन जवळच्या मालधक्क्यावर करतात. वाघिणी (मालगाडीचे डबे) मिळतील का, भाडं किती, दिवस किती लागतील, हे तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. तरी माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा फोन सगळ्यात शेवटी करा. तयारी नेपाळच्या सीमेवरच्या वीरगंजच्या टोकापासून सुरू करा आणि तिथून एकेक पायरी मागे येत नागपूर, नाशिक किंवा पुण्यापर्यंत पोचा. भारतातला हजार-दोन हजार किलोमीटरचा प्रवास सहसा फारसा त्रास न देता होतो. माल अडतो तो सीमेच्या अलीकडच्या रक्सौलच्या आसपास, शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये. आणि तिथे अडण्याचं कारण बहुतेक वेळा माल भरायच्या आधीच तयार झालेलं असतं: एखादा न मागवलेला परवाना, एखादा न जुळलेला आकडा.

हा लेख लहान-मध्यम निर्यातदारांसाठी आहे. स्वतःचं निर्यात खातं असलेल्या मोठ्या कंपन्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल.

आधी नकाशा नीट बघा

नेपाळच्या पूर्वेला, दक्षिणेला आणि पश्चिमेला भारत, उत्तरेला हिमालय आणि त्यापलीकडे तिबेट. समुद्र कुठेच नाही. सीमा लांबलचक असली तरी रेल्वे ती मोजक्याच ठिकाणी ओलांडते.

पहिली आणि मालवाहतुकीसाठी सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे बिहारमधलं रक्सौल. तिथून साधारण साडेपाच किलोमीटरचा ब्रॉडगेज फाटा नेपाळच्या वीरगंजजवळ सिर्सिया इथल्या 'सुक्खा बंदरगाहा'त, म्हणजे ड्राय पोर्टमध्ये जातो. भारत आणि नेपाळ यांच्यात २००४ साली रेल्वे सेवा करार झाला आणि त्याच वर्षी हा मार्ग सुरू झाला. नेपाळच्या रेल्वेने होणाऱ्या आयातीचा कणा आजही हाच आहे.

दुसरी जागा पूर्वेकडे, विराटनगरजवळ. बिहारच्या अररिया जिल्ह्यातल्या बथनाहा स्थानकापासून विराटनगरपर्यंत १८.६ किलोमीटरचा मार्ग ठरलेला आहे. त्यातला बथनाहा ते नेपाळ कस्टम्स यार्ड हा पहिला, साधारण आठ किलोमीटरचा टप्पा १ जून २०२३ रोजी मालगाड्यांसाठी खुला झाला. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन्ही देशांनी पारगमन कराराच्या (तिसऱ्या देशाचा माल भारतातून नेपाळला नेण्याच्या कराराच्या) प्रोटोकॉलमध्ये बदल केला आणि जोगबनी (बिहारमधलं सीमेवरचं गाव)–विराटनगर मार्गाने कंटेनरबरोबर सुट्या मालाचीही थेट रेल्वे वाहतूक करायला वाट मोकळी केली. कोलकाता–जोगबनी, कोलकाता–नौतनवा आणि विशाखापट्टणम–नौतनवा हे पारगमन मार्गही त्याच बदलात मोकळे झाले.

तिसरी जागा जयनगर. इथून जनकपूर आणि कुर्थ्यापर्यंतचा ३५ किलोमीटरचा मार्ग २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाला, पुढे बिजलपुऱ्यापर्यंत गेला. पण ही मुख्यतः प्रवाशांची गाडी आहे. जनकपूरला माल द्यायचा असला तरी व्यापारी मालासाठी या मार्गावर विसंबू नका. या मार्गावर धावणारे डेमू (डिझेलवरच्या प्रवासी गाडी) प्रकारचे दोन संच नेपाळला पुरवले ते आपल्या बेलापूरमधून कारभार चालवणाऱ्या कोकण रेल्वेने. इतक्या लांबच्या तराईत (नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात) आपल्या माणसांचं काम उभं आहे, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

नेपाळला रेल्वे नवी नाही. रक्सौल–अमलेखगंज ही नॅरोगेज गाडी १९२७ साली आणि जयनगर–जनकपूर १९३७ साली सुरू झाली होती. पहिली १९६०च्या दशकात बंद पडली. दुसरी २०१४ पर्यंत रखडत चालली आणि तिच्याच वाटेवर आजचा ब्रॉडगेज मार्ग आला.

पायरी १: माल शेवटी कोणत्या गोदामात उतरणार?

ग्राहक 'काठमांडू' म्हणतो तेव्हा त्याचं कार्यालय काठमांडूत असतं. माल जातो तो कारखान्यात किंवा गोदामात, आणि ते बहुधा तराईत असतं. म्हणून गोदामाचा पूर्ण पत्ता मागवा.

बारा-पर्सा औद्योगिक पट्टा, हेटौडा आणि काठमांडू खोरं यांच्यासाठी वीरगंज. मोरंग-सुनसरी पट्टा, म्हणजे विराटनगर ते इटहरी, यासाठी बथनाहा-विराटनगर. गोदाम भैरहवा किंवा बुटवलकडे असेल तर रेल्वे सीमेपर्यंतच साथ देते: उत्तर प्रदेशातल्या नौतनव्याला माल उतरवायचा आणि सुनौलीहून ट्रकने पलीकडे न्यायचा. अशा वेळी चढउताराचा खर्च दुसऱ्यांदा पडतो, तो हिशेबात धरून मगच रेल्वे की थेट ट्रक हे ठरवा. थोडा माल असेल तर भैरहव्यासाठी मी ट्रकच सुचवीन.

वीरगंजला उतरलेला माल काठमांडूला जाणार असेल तर पुढचा रस्ता डोंगरातला आहे. पावसाळ्यात नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर दरडी कोसळतात आणि वाहतूक तासन् तास, कधी दिवसभरही थांबते. हा पट्टा तुमच्या जबाबदारीत येत नसला तरी ग्राहकाला दिलेल्या तारखेत तो येतोच.

पायरी २: माल भारतातला की तिसऱ्या देशाचा?

या दोन प्रकारांचे नियम अगदी वेगळे आहेत.

भारतात तयार झालेला माल नेपाळला विकणं हा द्विपक्षीय व्यापार. त्यात तुम्ही निर्यातदार आहात आणि भारतीय कस्टम्सकडे निर्यातीची नोंद तुम्ही करता. चीन, कोरिया किंवा युरोपातून नेपाळी आयातदाराने मागवलेला माल भारतीय बंदरात उतरून पुढे जातो तेव्हा ते पारगमन. त्यात भारतात आयात शुल्क भरायचं नसतं, पण माल वाटेत भारतातच उतरवला जाणार नाही याची हमी द्यावी लागते.

पारगमनासाठी मुख्य बंदरं कोलकाता-हल्दिया आणि विशाखापट्टणम. कोलकात्याहून वीरगंजपर्यंतचा रेल्वेमार्ग साधारण ७०० किलोमीटरचा आहे. विशाखापट्टणमचा त्याच्या जवळजवळ दुप्पट, पण तिथे खोल पाण्याचं बंदर असल्याने मोठी जहाजं थेट लागतात. पूर्वी पारगमनाच्या कागदांचं काम आधी बंदरात आणि पुन्हा रक्सौलला असं दोनदा व्हायचं. आता कंटेनरला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावून त्याचा माग ठेवणारी पद्धत आल्यापासून बंदरात कुलूप लागतं ते थेट नेपाळमध्ये उघडतं आणि रक्सौलचा तो टप्पा बराच हलका झाला आहे. पारगमनाच्या मालाला ई-वे बिलातूनही (माल वाहून नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या पत्रकातूनही) सूट आहे.

न्हावा शेवाला उतरलेला परदेशी माल तसाच नेपाळला पाठवायचा विचार कुणी मांडला तर आधी कस्टम ब्रोकरकडून तो मार्ग त्या मालाला लागू आहे का, हे लेखी घ्या. पारगमनाची बंदरं आणि मार्ग करारात नावानिशी लिहिलेले असतात. आपल्या सोयीचं बंदर आपण निवडायचं, अशी मुभा इथे नसते.

इथून पुढचं सगळं द्विपक्षीय व्यापारासाठी आहे. महाराष्ट्रातल्या निर्यातदाराचं काम बहुतेक तेच असतं.

पायरी ३: ग्राहकाकडून आधी काय मागवायचं

नेपाळमध्ये कस्टम्सला भन्सार म्हणतात, तिथला ब्रोकर म्हणजे भन्सार एजंट, आणि आयातीचं जे घोषणापत्र भरलं जातं ते प्रज्ञापनपत्र. हे शब्द फोनवर रोज ऐकू येतील.

ऑर्डर पक्की होताच ग्राहकाला या गोष्टी विचारा: त्याचा नेपाळमधला पॅन क्रमांक, एक्झिम कोड (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक), आणि सिर्सियाला काम करणाऱ्या भन्सार एजंटचं नाव व फोन. एजंट नक्की झाला नसेल तर माल भरू नका. "गाडी पोचली की बघू" असं उत्तर आलं तर समजा की पुढचं विलंब शुल्क कुणी भरायचं यावरून वाद होणार.

नंतर एचएस कोडचा, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या आकडी संकेतांकाचा विषय. भारत आणि नेपाळ दोघेही आठ आकडी कोड वापरतात. पहिले सहा आकडे जागतिक पद्धतीनुसार सारखे असतात, शेवटचे दोन प्रत्येक देश आपले लावतो. त्यामुळे तुमच्या इनव्हॉइसवरचा आठ आकडी कोड जसाच्या तसा तिकडे चालेल असं धरू नका. पण पहिले सहा जुळलेच पाहिजेत. इनव्हॉइसचा मसुदा भन्सार एजंटला पाठवा आणि तो कोणत्या कोडखाली माल सोडवणार आहे ते लेखी विचारा. ठिबक सिंचनाचे पाइप हे उदाहरण घ्या. तुम्ही इनव्हॉइसवर नुसतं 'प्लास्टिक पाइप' लिहिलंत तर तिकडे ते साधं प्लास्टिक ठरतं. ग्राहकाने मात्र शेतीच्या साहित्याचा दर धरून भाव काढलेला असतो. माल यार्डात उभा राहतो, इकडून खुलासापत्र जातं, तिकडे ते मान्य व्हायला वेळ लागतो. इनव्हॉइसवर मालाचं वर्णन, तो कशासाठी वापरतात, आकार आणि कच्चा माल एवढं चार शब्दांत लिहिलं असतं तर हे टळलं असतं.

शेतमाल, बियाणं, रोपं, पशुखाद्य असेल तर नेपाळी आयातदाराने नेपाळमधल्या वनस्पती क्वारंटाइन कार्यालयाचा आयात परवाना आधी काढायला हवा. त्या परवान्यातल्या अटी वाचून तुम्ही इकडे फायटोसॅनिटरी (माल रोग-किडींपासून मुक्त असल्याचं) प्रमाणपत्र घ्यायचं. क्रम उलटा झाला की प्रमाणपत्रावर हवं ते वाक्य नसतं आणि माल निघून गेल्यावर ते नव्याने मिळत नाही.

मूळ देशाचा दाखलाही विसरू नका. भारतीय मालाला नेपाळमध्ये काही सवलती आहेत आणि त्यासाठी माल भारतातला असल्याचा पुरावा लागतो. तो व्यापारी चेंबरमार्फत किंवा डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन व्यासपीठावरून काढता येतो.

पायरी ४: आपल्या बाजूचे कागद

आयईसी (आयात-निर्यात संकेतांक), जीएसटी नोंदणी आणि बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येतात तिचा क्रमांक) हे तीन आधार. एडी कोडची नोंद ज्या सीमाशुल्क ठाण्यातून माल जाणार तिथे झाली आहे का, ते आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्या. न्हावा शेवाची नोंद असलेले निर्यातदार रक्सौलला पहिल्यांदा माल पाठवताना इथेच अडतात.

नेपाळला विकलेला माल जीएसटीच्या दृष्टीने निर्यातच आहे. एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून कर न लावता पाठवा किंवा आयजीएसटी भरून परतावा घ्या. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नवं भरावं लागतं. मार्चअखेर भरलेला माल एप्रिलमध्ये सीमा ओलांडणार असेल तर हे आठवणीने करा.

समुद्रमार्गे किंवा विमानाने माल जातो तेव्हा शिपिंग बिल भरतात. जमिनीवरून जाणाऱ्या मालासाठी सीमाशुल्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे बिल ऑफ एक्सपोर्ट भरायचं असतं. हे काम करायच्या दोन वाटा आहेत. जवळच्या आयसीडीमध्ये (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोत) कस्टम्सची तपासणी करून, सील लावून कंटेनर पुढे पाठवायचा, किंवा माल रक्सौलला नेऊन तिथल्या ठाण्यात निर्यातीची नोंद करायची. मी पहिली वाट निवडा म्हणेन. चूक निघाली तर ती तुमच्या गावापासून तासाभरावर निघते, तुमचा माणूस जाऊन दुरुस्त करू शकतो. रक्सौलला निघालेली चूक फोनवरून निस्तरायची तर दिवस जातात आणि रोजचं भाडं चालू राहतं.

माल रेल्वेने जात असला तरी ई-वे बिल लागतं. रस्त्याच्या वाहतुकीत ते गाडी हलण्याआधी हवं. रेल्वेच्या बाबतीत ते नंतर तयार केलं तरी चालतं, पण ते दाखवल्याशिवाय रेल्वे मालाचा ताबा देत नाही.

आणि निर्यात धोरण. आपल्या कांदा आणि भात उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. ४ मे २०२४ रोजी उघडली ती टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क घेऊन. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये किमान किंमत हटली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. बिगरबासमती पांढरा तांदूळ जुलै २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा नेपाळसाठी सरकारने ९५,००० टनांचा वेगळा कोटा दिला होता, पण तो ठरवून दिलेल्या सहकारी संस्थेमार्फत. म्हणजे बंदी असतानाही वाट असू शकते, फक्त ती तुमच्या हातात नसते. शेतमाल पाठवणाऱ्याने वाघिणी मागवायच्या दिवशी आणि माल भरायच्या दिवशी, दोन्ही वेळा डीजीएफटीच्या अधिसूचना तपासाव्यात. ग्राहकाबरोबरच्या करारात 'सरकारी बंदीमुळे माल अडल्यास' हे कलम असायलाच हवं. आपल्या शेतकऱ्याचा माल सीमेवर सडताना बघणं फार वाईट असतं आणि तेव्हा कुणाकडेच उत्तर नसतं.

पायरी ५: पैसे आणि जबाबदारी

नेपाळशी व्यापाराची मोठी सोय म्हणजे भारतीय रुपयात व्यवहार होतो. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे, त्यामुळे विनिमय दराची धाकधूक नसते. तरी पैसे बँकेमार्फतच यायला हवेत. सीमाभागात रोखीने व्यवहार करायची जुनी सवय अनेकांना आहे. निर्यातदाराने तिच्या वाटेला जाऊ नये, कारण बँकेत पैसे आल्याची नोंद नसेल तर निर्यात पूर्ण झाल्याचं सिद्ध करता येत नाही.

नवा ग्राहक असेल तर आगाऊ रक्कम किंवा पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट). पतपत्रात रेल्वेचं नाव हवं. जुन्या नमुन्यावरून टाइप केलेल्या पतपत्रात 'ट्रक रिसीट' लिहिलेलं असतं, तुमच्या हातात असते रेल्वे रिसीट (माल घेतल्याची रेल्वेची पावती), आणि मग बँक कागद परत पाठवते.

भाव ठरवताना तुमची जबाबदारी कुठे संपते ते एका वाक्यात लिहा. रक्सौलपर्यंत? सिर्सियाच्या यार्डात गाडी लागेपर्यंत? माल उतरून होईपर्यंत? या तिघांत खर्चाचा फरक मोठा आहे. वाघिणी वेळेत रिकाम्या झाल्या नाहीत तर रेल्वे तासाच्या हिशेबाने डेमरेज लावते, माल धक्क्यावर पडून राहिला तर वेगळं स्थानभाडं, आणि कंटेनर अडकला तर कंटेनरवाल्याचं शुल्क. हे तिन्ही कुणी भरायचे ते नावानिशी लिहा.

पायरी ६: रेक, कंटेनर की पार्सल

आता मालधक्क्याला फोन करायची वेळ आली.

पूर्ण रेक म्हणजे बंदिस्त वाघिणींची एक आख्खी मालगाडी, ढोबळमानाने अडीच हजार टन किंवा त्याहून जास्त. धान्य, पेंड, सिमेंटचं क्लिंकर, खत, स्पंज आयर्न, अशा मालाला हे योग्य. एकट्या लहान निर्यातदाराचं हे काम नाही. वाघिणींची मागणी रेल्वेच्या ई-डिमांड व्यवस्थेत नोंदवायची असते आणि त्यासाठी अनामत भरावी लागते. माल वेळेत धक्क्यावर आणून भरता आला नाही तर दंड. म्हणून मागणी नोंदवण्याआधी माल गोदामात तयार हवा.

कंटेनर हा लहान-मध्यम उद्योजकासाठी सगळ्यात चांगला पर्याय. कंटेनरगाडीच्या एका रेकला ४५ सपाट वाघिणी असतात. प्रत्येकीवर वीस फुटी दोन किंवा चाळीस फुटी एक कंटेनर बसतो, म्हणजे एका गाडीवर वीस फुटी ९०. तुमचे दोन-चार कंटेनर इतरांच्या कंटेनरबरोबर जातात. ९ जुलै २०२१ पूर्वी नेपाळच्या कंटेनरगाड्या फक्त कॉनकॉर ही सरकारी कंटेनर कंपनी चालवत असे. त्या दिवशी रेल्वे सेवा करारात झालेल्या बदलाने परवाना असलेल्या सगळ्या कंटेनरगाडी चालकांना, तसंच मोटारी वाहून नेणाऱ्या आणि खास मालाच्या गाड्या चालवणाऱ्यांनाही परवानगी मिळाली. त्यामुळे आता दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. भाव विचारताना फक्त रेल्वेचं भाडं ऐकून थांबू नका: तुमच्या कारखान्यापासून टर्मिनलपर्यंतची ट्रकची फेरी, टर्मिनलवरची चढउतार, वीरगंजची चढउतार आणि रिकामा कंटेनर परत करायची जागा, हे सगळं धरून एक आकडा मागा. शिवाय गाडी थेट वीरगंजची आहे की वाटेत कंटेनर उतरवून दुसऱ्या गाडीवर चढवणार, हेही विचारा. वाटेत थांबणारा कंटेनर कधी निघेल हे पुढच्या गाडीला किती माल मिळतो यावर ठरतं.

नेपाळहून येणाऱ्या मालापेक्षा तिकडे जाणारा माल कितीतरी जास्त आहे, त्यामुळे बरेच कंटेनर रिकामे परततात. तुम्हाला किंवा ओळखीच्या कुणाला नेपाळहून काही मागवायचं असेल तर परतीचं भाडं घासाघीस करून ठरवा. इथे चालकालाही फायदाच असतो.

थोडा माल, नमुने, सुटे भाग असतील तर प्रवासी गाडीच्या पार्सल डब्यातून रक्सौलपर्यंत पाठवता येतो. लोकमान्य टिळक टर्मिनसहून रक्सौलला जाणारी कर्मभूमी एक्स्प्रेस आणि जयनगरला जाणारी पवन एक्स्प्रेस या त्या बाजूच्या गाड्या. पण पार्सल सीमा ओलांडत नाही. रक्सौलला उतरवून घ्यायला माणूस हवा आणि तिथून निर्यातीची नोंद करून रस्त्याने पलीकडे न्यायचं. रक्सौल-वीरगंजच्या ट्रक वाहतुकीसाठी २०१८ पासून दोन्ही बाजूंना एकात्मिक तपासणी नाकी आहेत.

पायरी ७: माल भरायचा दिवस

या दिवशी तुमचा विश्वासू माणूस जागेवर हवाच.

कंटेनर आला की आधी रिकाम्या कंटेनरमध्ये शिरून दारं बाहेरून लावून घ्या. आत उजेडाची तिरीप दिसली तर तिथून पाणीही येणार. असा कंटेनर परत पाठवा, कितीही घाई असली तरी. तळाच्या फळ्या, दारांचं रबर आणि वास बघा; आधी त्यात रसायन किंवा कातडी गेली असेल तर खाद्यमालाला तो वास लागतो. बंदिस्त वाघिणी असतील तर दारांच्या कडा आणि छत तपासा आणि पावसाळ्यात आतून प्लास्टिक अंथरा. रेल्वेचा माल उघड्यावर बराच वेळ उभा असतो.

भरताना नगांची मोजणी दोघांनी वेगवेगळी करावी. सील लावलं की त्याचा क्रमांक वाचून लिहू नका, आधी फोटो काढा आणि फोटोवरून लिहा. मग तो क्रमांक बिल ऑफ एक्सपोर्ट, पॅकिंग लिस्ट आणि वाहतूकदाराची पावती या सगळ्यांवर एकच आहे ना ते बोट ठेवून तपासा. सीलच्या क्रमांकात ३ च्या जागी ८ पडला, एवढ्यावरून कंटेनर उघडून पूर्ण तपासणी होऊ शकते. वजनाचंही तसंच. निव्वळ वजन आणि ठोक वजन दोन्ही लिहा, गोणीचं वजन कुठे धरलं आहे ते स्पष्ट करा. काट्याची पावती आणि इनव्हॉइस यात फरक असेल तर तो त्याच दिवशी मिटवा.

रेल्वे रिसीट हातात आली की ती आणि बाकी सगळ्या कागदांच्या प्रती त्याच संध्याकाळी भन्सार एजंटला पाठवा. नेपाळचं कामकाज आता राष्ट्रीय एकल खिडकी प्रणालीतून ऑनलाइन चालतं. गाडी वाटेत असतानाच एजंटला प्रज्ञापनपत्राची तयारी करता येते, आणि तुम्ही वाचवलेले दिवस याच टप्प्यावर वाचतात.

रक्सौल ते सिर्सिया

गाडी रक्सौलला पोचली म्हणजे माल नेपाळमध्ये पोचला, असं ग्राहकाला सांगू नका. तिथे नरकटियागंज, सुगौली आणि सीतामढी अशा तिन्ही बाजूंनी गाड्या येतात, प्रवासी गाड्यांना आधी वाट द्यावी लागते, आणि सिर्सियाच्या यार्डात रुळ मोकळा असेल तेव्हाच रेक आत घेतात. आधीची गाडी रिकामी व्हायला उशीर झाला की मागची रक्सौलला किंवा त्याही मागच्या एखाद्या स्थानकावर उभी राहते. म्हणून गाडी निघण्याआधी भन्सार एजंटला विचारा: यार्डात किती रेक आहेत, कोणत्या मालाचे, किती वाटेत थांबलेत? ही माहिती त्याच्याकडे असतेच, आपण विचारत नाही.

दिनदर्शिकाही समोर ठेवा. नेपाळमध्ये आठवड्याची मुख्य सुट्टी शनिवारी, आपल्याकडे रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी अडलेला कागद सोमवारपर्यंत हलत नाही असं सहज होतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, तेव्हा दिवसअखेरची वेळ त्यांच्या घड्याळाने धरा. दसैं आणि तिहार (तिकडचे दसरा-दिवाळी) यांच्या आधी महिनाभर आयातीचा लोंढा असतो आणि सणात कामं ठप्प. लगेच छठ येते, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना मजूर मिळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश-बिहारमधल्या धुक्यात गाड्या रेंगाळतात.

आणि एक तारीख खास लक्षात ठेवा: नेपाळचा अर्थसंकल्प जेठ १५ला, म्हणजे मेच्या अखेरीला मांडला जातो. भन्सारचे दर तेव्हा बदलू शकतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात निघालेला माल जुन्या दराचा हिशेब धरून निघतो आणि नव्या दराने सुटतो. ग्राहकाशी याबद्दल आधीच बोलून ठेवा.

उत्तरेकडची वाट आणि काठमांडूची गाडी

"चीनची रेल्वे आली की भारतातून जायची गरजच उरणार नाही" असं ऐकू येतं. २०१५च्या सप्टेंबरपासून काही महिने वीरगंजची वाट बंद पडली होती, तेव्हा नेपाळी जनतेने इंधन आणि औषधांवाचून फार सोसलं. दुसरी वाट हवी, ही त्यांची भावना पूर्ण रास्त आहे. मार्च २०१६ मध्ये चीनशी पारगमन करार झाला, पुढे चार चिनी बंदरं आणि तीन ड्राय पोर्ट वापरायची तरतूदही झाली. पण ल्हासाहून आलेली रेल्वे अजून शिगात्सेपर्यंतच आहे, तिथून नेपाळ सीमेपर्यंत ट्रक, आणि सीमेवरचे रस्ते अतिशय नाजूक. २०१५च्या भूकंपाने तातोपानीची वाट मोडली, आणि जुलै २०२५च्या पुरात रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. नजीकच्या काळात तुमच्या मालाचा हिशेब दक्षिणेच्या वाटेवरच मांडा.

रक्सौल–काठमांडू ब्रॉडगेज मार्गाचं अंतिम सर्वेक्षणही कोकण रेल्वेने केलं आहे. सह्याद्रीत बोगदे आणि पूल बांधलेल्या संस्थेकडे हे काम जावं हे योग्यच झालं. मार्ग झाला तर डोंगरातल्या ट्रकचा टप्पा गळेल. तोवर वीरगंजला उतरवण्याचा खर्च धरूनच भाव द्या.

माल पोचल्यावर फाइल बंद करा

इथे बहुतेकांचा उत्साह संपलेला असतो, आणि पैसे इथेच अडकतात. ग्राहकाकडून भन्सारने मंजूर केलेल्या प्रज्ञापनपत्राची प्रत मागवून ठेवा. माल सीमेपलीकडे पोचल्याचा तो पक्का पुरावा आहे. रक्सौलला माल गेल्याची नोंद बिल ऑफ एक्सपोर्टवर झाली आहे का ते ब्रोकरकडून तपासा, कारण जीएसटीचा परतावा त्या नोंदीशी जुळवला जातो. पैसे जमा झाले की बँकेला त्या बिलाचा क्रमांक देऊन नोंद जुळवून घ्या. नाहीतर रक्कम खात्यात असूनही निर्यात थकीत दिसते.

माल कमी भरला किंवा भिजला असेल तर उतरवतानाच रेल्वेकडून तशी लेखी नोंद घ्यायला भन्सार एजंटला आधीच सांगून ठेवा. रेल्वे अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे भरपाईच्या दाव्याची नोटीस माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. ही मुदत माल पोचल्याच्या तारखेपासून धरत नाहीत, तेव्हा रेल्वे रिसीटवरची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.